उभी वेबसाइट, आडवी वेबसाइट

बंदीच्या बाबतीत आमच्या जावळी तालुक्याला कुणी शिकवायला येऊ नये. परवान्याची दारू दुकानं बायकांनी मतदान करून बंद पाडली, म्हणून या तालुक्याचं नाव महाराष्ट्रभर झालेलं आहे. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळावं इतकं हे सरळ काम.

नियम मात्र इतका सरळ नाही. आधी २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग त्या सह्यांची पडताळणी, मग मतदान. आणि आडव्या बाटलीला उभीपेक्षा चार मतं जास्त पडून भागत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे जी त्या दिवशी भात लावायला गेली, जी माहेरी गेली, जी नुसतीच घरात पडून राहिली, तिचं मत न विचारता उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. २००८ च्या सरकारी आदेशातली ही खोच ज्यानं घातली त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. मेढ्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे चांगल्या कामात घातलेली चांगली अडचण मला लगेच ओळखू येते.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या सोप्यातला कॉम्प्युटर.

तो आला लॉकडाऊनमध्ये. मुलगा वाशीच्या मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितो. जावळीतलं निम्मं घर मेढ्यात आणि निम्मं नवी मुंबईत असतं, त्यातलंच आमचं एक. त्या काळात तो गावी आला, कॉम्प्युटर घेऊन आला, आणि पुढे पेढी सुरू झाल्यावर स्वतः परत गेला, कॉम्प्युटर इथेच राहिला. मग त्याच्या मागोमाग वायफाय आलं. आता त्या एका पडद्यासमोर घरातल्या पाच पिढ्या नसल्या तरी चार पिढ्या बसतात. माझी आई, जिला सगळं घर थोरली आज्जी म्हणतं, ती कीर्तन ऐकते. आमची मंडळी मालिका बघतात. सून ब्लाऊजच्या गळ्यांचे नवेनवे प्रकार बघते आणि शिवते. नात बारावीत आहे आणि अभ्यास करते असं म्हणते. नातू आठवीत आहे आणि तसं म्हणतही नाही. मी काय बघतो ते पुढे येईलच.

एके दिवशी सून म्हणाली, "अण्णा, ह्या कॉम्प्युटरला काहीतरी लगाम घाला. गळ्याचं डिझाइन उघडावं तर बाजूला रमीवाला पत्ते पिसत बसलेला असतो. आणि ह्याला बोलवावं तर ह्याचं आपलं 'ही लेव्हल संपली की येतो.' कुठली लेव्हल संपलीय आजवर?"

लगाम घालायचा तर आधी तोंड कुठे आहे ते कळायला हवं. ते विंडोजच्या पोटात बरंच खोल आहे. सिस्टीम-३२ नावाचा फोल्डर, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि त्यात होस्ट्स नावाची एक छोटीशी फाइल. ती उघडली की मायक्रोसॉफ्टनं नमुन्यादाखल लिहून ठेवलेल्या दोन ओळी दिसतात, आणि त्यातल्या एकीत चक्क गेंडा आहे: 'ऱ्हायनो डॉट ॲक्मे डॉट कॉम'. आपल्या घरात इतकी वर्षं गेंडा राहतोय आणि आपल्याला पत्ता नाही, या विचारानं मी थोडा वेळ नुसताच बसून राहिलो.

ही फाइल म्हणजे जुन्या कचेरीतली पत्त्यांची वही. आपण वेबसाइटचं नाव टाकलं की कॉम्प्युटर बाहेर चौकशी करायच्या आधी ही वही चाळतो. वहीत नाव सापडलं की समोर लिहिलेला आकडी पत्ता खरा मानतो आणि बाहेर कुणाला विचारत नाही. मग नको असलेल्या वेबसाइटच्या नावाअलीकडे १२७.०.०.१ असा आकडा लिहायचा. हा आकडा म्हणजे आपलाच कॉम्प्युटर. नातू गेमचा पत्ता विचारतो, वही सांगते, तुझ्याच घरी आहे की! तो आपल्याच दारात येऊन उभा राहतो, आत असलं काही नसतं, आणि पडद्यावर 'पोचता येत नाही' असा निरोप येतो. पोलिसांच्या तडीपारीत गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवतात. इथे गुंड जागेवर मजेत असतो, त्याचं घर विचारत निघालेल्यालाच वळवून घरी आणून सोडतात. मला ही रीत जास्त माणुसकीची वाटली.

या वहीचा इतिहास कळला तेव्हा तर माझा जीव तिच्यावर बसला. इंटरनेटच्याही आधी अमेरिकेत अर्पानेट होतं, तेव्हा सगळ्या जाळ्यात मिळून अशी एकच वही होती. ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे, आणि एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांच्या हाताखालची माणसं ती सांभाळत. कुणाला आपल्या कॉम्प्युटरला नाव द्यायचं असलं की त्यानं या कचेरीला कळवायचं. मग नोंद व्हायची, आणि बाकीच्यांनी वहीची नवी नक्कल उतरवून न्यायची. सगळं जाळं एका टेबलावर! कॉम्प्युटर वाढत गेले, नोंदी आवरेनात, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या माणसानं नावांचे पत्ते सांगणारी वाटून दिलेली व्यवस्था रचली. तीच आजची डीएनएस. टेबल गेलं, पण वही गेली नाही. कुठल्याही कचेरीत असंच होतं. संगणकीकरण झालं तरी जुनं रजिस्टर कपाटावर असतंच, आणि वाद निघाला की आधी तेच खाली काढतात.

करून बघणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. नोटपॅड नुसतं उघडून चालत नाही. त्यावर उजवं बटण दाबून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं, नाहीतर फाइल जतन होत नाही. नोटपॅडला प्रत्येक फाइलीच्या शेपटीला टीएक्सटी लावायची खोड आहे. ती शेपटी राहिली तर फाइल दिसायला असते आणि काम करत नाही. नावाआधी तीन डब्ल्यू असलेली आणि नसलेली, अशा दोन ओळी लिहाव्या लागतात, कारण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी घरं. आणि मुलाला स्वतंत्र साधं खातं काढून द्यावं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्याच्याकडे असला तर या सगळ्याचा उपयोग शून्य.

एवढं बांधकाम झाल्यावर संध्याकाळी नातू आला, बसला, दोन ठिकाणी दार बंद बघितलं, आणि काही न बोलता तिसरीकडून आत गेला.

मी विचारलं, तर त्यानं अगदी अदबीनं समजावलं. 'अनब्लॉक्ड गेम्स' म्हणून एक जमातच आहे. शाळांमधून गेम बंद केलेले असतात ना, तिथल्या मुलांसाठी तेच गेम दुसऱ्या नावानं पुन्हा मांडलेले. त्यातले पुष्कळ गूगलच्याच फुकटच्या जागेवर मांडलेले असतात. "आणि अण्णा, गूगलची ती जागा बंद केली तर आमच्या सरांनी टाकलेल्या नोट्सपण बंद होतील." शिवाय ब्राउझरमध्ये एक सोय असते, तिनं पत्त्याची चौकशी घरच्या व्यवस्थेला वगळून थेट बाहेर करता येते. आणि काहीच जमलं नाही तर आईचा मोबाईल असतो, त्याचा हॉटस्पॉट.

जावळीचा माणूस हे ऐकून नवल करत नाही. इथल्या जंगलाची ख्याती मोठी होती. चंद्रराव मोऱ्यांना त्याचाच भरवसा होता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा ते जंगल जागच्या जागी होतंच. तीन वर्षांनी अफझलखान आला, तेव्हा त्याच जंगलानं त्याच्या फौजेचं काय केलं ते प्रतापगडाला विचारावं. जंगल तेच, निकाल दोन. ते सगळ्यांना अडवत नाही, ज्याला पायवाटा ठाऊक नाहीत त्याला अडवतं. आमच्या घरात पायवाटा कुणाला ठाऊक आहेत याबद्दल आता माझ्या मनात शंका राहिली नव्हती.

यावर मंडळींचा उपाय सोपा होता: वायफायची वायरच काढा. काढली. पडद्यावर एक डायनासोर आला. गूगलच्या ब्राउझरनं २०१४ पासून ही गंमत करून ठेवलीय. इंटरनेट गेलं की एक करडा डायनासोर दिसतो, आणि स्पेसबार दाबला की तो निवडुंगांवरून उड्या मारत पळायला लागतो. म्हणजे इंटरनेट बंद आहे हे सांगणारी पाटीच गेम निघाली. परदेशातल्या शाळांमधून मुलं यातच रमायला लागली, तेव्हा शाळांच्या यंत्रणांना हा डायनासोर बंद करायची सोय गूगलला द्यावी लागली. नातू त्या दिवशी जेवायला उठला तो तिसऱ्या हाकेला, आणि थोरली आज्जी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली होती. तिला ते जनावर फार आवडलं. "पडलं रं बिचारं काट्यात," म्हणून हळहळत होती.

तसं पाहिलं तर मेढ्याला वायर काढायची गरज नाही. केळघर घाटात आषाढ उतरला की वेण्णेला पाणी येतं, झाडं आडवी होतात, आणि कुठेतरी केबल तुटते. मग दोन-दोन दिवस पालकांनी काही करायला नको.

एक गोष्ट मात्र बिनबोभाट जमली, ती सांगायला हवी. राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलता येतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीनं २०२० मध्ये कुटुंबांसाठी म्हणून १.१.१.३ असा पत्ता काढला. तो घातला की अश्लील आणि घातक वेबसाइटींचे पत्ते तिथेच नाकारले जातात. ओपनडीएनएसचीही अशी फॅमिलीशील्ड नावाची व्यवस्था २०१० पासून आहे. पैसे पडत नाहीत, एकेक नाव लिहीत बसावं लागत नाही, आणि घरातला प्रत्येक मोबाईल वायफायवर असेल तोवर त्याच छपराखाली येतो. ज्या गोष्टीबद्दल घरात दोन मतं नव्हती, ती अशी एका आकड्यात संपली. कुणी तिची आठवणही काढली नाही. भांडण उरलं ते ज्याबद्दल दोन मतं होती त्याचं, आणि तिथे १.१.१.३ ला काही कळत नाही. मालिका घातक आहे की नाही हे क्लाउडफ्लेअर कसं ठरवणार?

मी निराश झालो नाही, कारण सरकारचंही आपल्याहून वेगळं होत नाही हे मी वाचून होतो. २००६ च्या जुलैमध्ये सरकारनं काही मोजके ब्लॉग बंद करायला सांगितले, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. एका भाडेकरूला काढायचं होतं, चाळीला कुलूप लागलं. उलट अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं १९९६ मध्ये अचकटविचकट शब्द आपोआप अडवायचं यंत्र लावलं, तर इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडता येईना, कारण त्यांच्या गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली होती. आपल्याकडे असं यंत्र कुणी मराठीत लावलं तर निम्मी आडनावं घरी बसतील.

आणि २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, ती तर आमच्या गल्लीनं सुतक पाळल्यासारखी पाळली. आठवडा-दहा दिवसांत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. एक बाटली आडवी, तिच्याच शेजारी दुसरी उभी, लेबल नवीन. बंदीनंतर माल कसा येतो याबद्दल जावळीत जास्त बोलायची गरज नसते. मोटारसायकलच्या डिकीत काय काय मावतं हे इथल्या आडव्या बाटलीवाल्या बायकांनीच शोधून काढलेलं आहे.

रमीचं म्हणाल तर २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सभागृहात बसलेल्या एका मंत्र्यांच्या मोबाईलवर ती दिसली. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात घालवत होतो. लोकांनी त्यांची टर उडवली. आमच्या सुनेनं मात्र विश्वास ठेवला असता, कारण तिच्या गळ्यांशेजारी रमी अशीच आपोआप येत होती. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. त्याच ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या दिवशी नातवानं मला बातमी वाचून दाखवली आणि वर म्हणाला, "माझा गेम फुकटातला आहे, अण्णा. कायद्यात बसतो."

तेव्हा सुनेनं वडगावचा विषय काढला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला तो पुन्हा वाजतो, मग काय करायचं ते करा. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली, आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातचा मोबाईल सुटेना, तेव्हा सरपंचांनी हे काढलं. कायदा नाही, दंड नाही. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघर फिरून बघत, एवढंच. वेबसाइट अडवायचं एकही यंत्र नाही, पत्त्यांची वही नाही, काही नाही. नुसता भोंगा.

मला यातलं एक फार पटलं. सात ते साडेआठ ही वेळ पोराच्या अभ्यासाची असेल, पण ती आईच्या मालिकेचीही वेळ आहे आणि बापाच्या बातम्यांचीही. भोंगा वाजला की तिघांचंही बंद. आमच्या घरात आजवर जे चाललं होतं त्यात बंदी घालणारा मी आणि बंदीखाली येणारा एकटा नातू. तहसीलदारानं एकाच शेतकऱ्याची मोजणी पुन्हा पुन्हा लावावी, तसलं ते काम.

मी वडगावचं हे कौतुक बोलून दाखवलं, आणि तिथेच सुनेनं मला पकडलं. "मग आपण आपल्या तालुक्याच्या पद्धतीनं करू की, अण्णा! मतदान घेऊ."

नियम मीच सांगितले, कारण ते मलाच पाठ. मतदार फक्त बायका. यादीत चार नावं: थोरली आज्जी, मंडळी, सून, नात. नात अजून अठराची नाही, अशी हरकत नातवानं घेतली. ती सुनावणीअंती फेटाळण्यात आली. २५ टक्के सह्यांची अट, म्हणजे एका सहीवर कुठलीही वेबसाइट मतदानाला लावता येईल. निम्म्याहून जास्त, म्हणजे तीन मतं आडवी पडली तर ती बंद. दोन पडली तर चालू. न आलेलं मत उभ्याच्या खात्यात. मतपत्रिका नातीनं काढल्या; बाटलीऐवजी मॉनिटर, एक उभा, एक आडवा. मतपेटी म्हणून पापडाचा डबा. निवडणूक अधिकारी मी.

पहिला विषय, रमी आणि तिचं सगळं गणगोत. चारही मतं आडवी. टाळ्या झाल्या.

दुसरा विषय, नातवाचे गेम. इथे तीन आडवी आणि एक उभं. ते उभं मत कुणाचं हे गुप्त मतदानात कळायचं नाही, पण नातीची सायकल त्या आठवड्यात तिच्या भावानं पुसली होती एवढं मी पाहिलेलं आहे. गेम बंद झाले. नातवानं निकाल मान्य केला, आणि पुढची यादी आपणच वहीत लिहू, अशी तयारी दाखवली, कारण टायपिंग त्याचंच सगळ्यात वेगवान. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मंडळी म्हणाल्या. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या दिवसानंतर तो पायवाटांनी गेला नाही. जाता आलं असतं. एकदा विचारलं, तर म्हणाला, "आता सगळ्यांचंच बंद होणारे ना. बघू तर कुणाकुणाचं होतं."

तिसरा विषय पुकारला गेला तेव्हा मला कळलं की नातू काय बघायची वाट पाहत होता. तिसरा विषय महाभूलेख.

आता सांगायला हरकत नाही. मी संध्याकाळी सातबारे बघतो. जमिनीच्या नोंदींची ही सरकारी वेबसाइट आहे. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, गट नंबर टाका, की विनास्वाक्षरीचा उतारा फुकट बघायला मिळतो. सही असलेला हवा तर १५ रुपये. मला सही नको असते. मला बघायचं असतं की कुडाळकडच्या त्या वळणावरचं शेत अखेर कुणाच्या नावावर चढलं, वारसांची नोंद झाली का, इतर हक्कात सोसायटीचा बोजा अजून दिसतोय का कमी झाला. लोक संध्याकाळी फिरायला जातात, मी गटागटांतून फिरतो. गुडघ्यांना त्रास नाही.

मी हरकत घेतली. निवडणूक अधिकाऱ्याला हरकत घेता येत नाही, असं नात म्हणाली. तरी मी म्हटलं की ही करमणुकीची वेबसाइट नव्हे, शासनाची आहे.

"देशी दारूचं दुकान कुणाच्या परवान्याचं होतं?" मंडळी म्हणाल्या. "परवा लग्नात जेवायच्या पंगतीत तुम्ही पाव्हण्यांना विचारलंत, बोजा कमी करून घेतला का म्हणून. नवरीचा बाप होता तो."

मी आशेनं आईकडे पाहिलं. माझी जन्मदाती आई. तिनं आडव्या मॉनिटरवर इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला. "लोकाच्या जिमिनी बघून तुझं काय पोट भरतंय व्हय रं," ती म्हणाली. चार शून्य. नातवानं ताबडतोब ओळ लिहिली, फाइल जतन केली, आणि खात्रीसाठी महाभूलेख उघडून पाहिलं. नाही उघडलं. हे वहीमुळे की सर्व्हर डाऊन असल्यामुळे, हे त्या वेबसाइटीच्या बाबतीत छातीठोक सांगता येत नाही.

चौथा विषय सुनेनं आणला, आपल्याच नवऱ्याचा. जुन्या बुलेट गाड्या विकणाऱ्या वेबसाइटी. हा गडी सुट्टीला आला की रात्री उशिरापर्यंत गाड्यांचे फोटो बघतो, घेत एकही नाही. चारपैकी तीन मतं आडवी. थोरल्या आज्जीनं आपल्या नातवाच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, बाजूनं उभा मॉनिटर राखला, पण एका मतानं काही होत नाही.

पाचवा विषय नातीनं सही करून लावला: मालिकांचं ॲप आणि त्याची वेबसाइट. आता सभागृहात शांतता पसरली. मंडळींनी काही न बोलता आपली मतपत्रिका घडी करून डब्यात टाकली. सुनेनं टाकली. नातीनं टाकली. थोरली आज्जी भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती. हलवलं, हाक मारली, ती काही जागी होईना. मतमोजणीत दोन आडवी निघाली, एक उभं. आडव्यांचं बहुमत, दुपटीनं. पण चारांतली दोन म्हणजे निम्मी, निम्म्याहून जास्त नव्हेत. मालिका चालू राहिल्या. सुनेचं म्हणणं आहे की त्या दिवशी थोरल्या आज्जीच्या दुधात जायफळ जरा सढळ हातानं पडलं होतं, आणि दूध कुणी दिलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. निवडणूक अधिकारी म्हणून मी यावर काही बोललो नाही. नवरा म्हणून तर नाहीच नाही. २००८ च्या आदेशातली ती खोच खरोखर काय करू शकते हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं, ते सोप्यात बसून कळलं.

शनिवारी मुलगा आला. हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढे बसला, बुलेट उघडेना, मग त्याला शेजारी चिकटवलेली यादी दिसली. खाली माझी सही, कारण निवडणूक अधिकारी मी. बराच तापला. "ग्रामपंचायतीला मत पाहिजे असतं तेव्हा वाशीला गाडी पाठवून आणता आम्हाला. येताना जेवण, जाताना जेवण. आणि घरच्या मतदानाला एक फोन नाही?"

"ते ग्रामपंचायतीचं," सून म्हणाली. "ह्यात बाप्यांचं नाव यादीत नसतंय."

त्यानं नियम विचारले. मी सगळे सांगितले, २५ टक्क्यांच्या सहीचाही सांगितला. तो गप्प बसला, जेवला, आणि दुपारी थोरल्या आज्जीच्या खाटेवर जाऊन टेकला. बरोबर साताऱ्याहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा पुडा होता. मालिकांवर फेरमतदान लावायचं तर मागणीला एक सही पुरते, आणि थोरली आज्जी सही करत नाही, अंगठा उठवते. अंगठा चालतो का, असं मंडळींनी मला स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं विचारलं. मी चष्मा लावून, नियम बघतो म्हणालो. तोवर तिचा तिसरा पेढा चालू होता.